चिखलावरचे सारखे दिसणारे छोटे वेडर ओळखायचे कसे: नवख्यांसाठी एकेक पायरी

ओहोटी लागलेली, समोर चिखल, आणि त्यावर दोन-अडीचशे करडे-तपकिरी पक्षी मान खाली घालून टोचत टोचत धावतायत आणि त्यातल्या एकाचंही नाव सांगता येत नाहीये. माझे पहिले दोन हिवाळे असेच गेले. बाकीचे पक्षी बऱ्यापैकी यायला लागले होते, पण स्टिंट, सँडपायपर, प्लोव्हर समोर आले की मी फिल्ड गाइडची तीच चार पानं पुढेमागे करत बसायचे आणि तोवर थवा उडून जायचा. नंतर कळलं की मी सुरुवातच उलटीकडून करत होते, आधी रंग बघायचे. वेडरमध्ये, म्हणजे चिखलात आणि उथळ पाण्यात चालत खाणाऱ्या या पक्ष्यांमध्ये, रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी आकार, मग चाल, मग चोच आणि पाय, आणि पिसांचा नंबर त्यानंतर. हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय.

नावांबद्दल आधीच सांगते. मराठीत चिखल्या, तुतारी, टिलवा, पाणलावा अशी छान नावं आहेत आणि ती वापरायलाच हवीत, पण टिलवा कोणी स्टिंटला म्हणतं तर कोणी रेडशँक-ग्रीनशँकला, आणि ओळख पटवताना हा घोळ परवडत नाही. म्हणून इथे फिल्डवर बोलली जाणारी इंग्रजी नावंच वापरतेय.

१. सोबत काय हवं

- बायनॉक्युलर, ८x४२ (आठपट मोठं दाखवणारा, ४२ मिमी भिंगाचा) असेल तर उत्तम. १०x पण चालतो, पण हात हलतो.
- स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची एका डोळ्याची दुर्बीण) आणि ट्रायपॉड. स्वतःचा नसला तरी चालेल, ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासोबत जा. चिखलावर पक्षी लांब असतात आणि स्टिंटचे पाय काळे की पिवळे हे १०० मीटरवरून बायनॉक्युलरने ठरवणं अवघड आहे.
- कॅमेरा, साधा झूमवाला चालतो. फोटो सुंदर यायची गरज नाही, चोच आणि पाय दिसले की झालं.
- वही-पेन्सिल. मोबाईलवर टाइप करताना नजर पक्ष्यावरून निघते, वहीत न बघता खरडता येतं.
- भरती-ओहोटीचं वेळापत्रक.
- तुमच्या भागाचं फिल्ड गाइड, ज्यात एकाच जातीची ब्रीडिंग (विणीच्या काळातलं), हिवाळी आणि ज्युवेनाइल (त्याच वर्षीचं पिल्लू) अशी तिन्ही चित्रं आहेत असं. ज्यात एकच चित्र आहे ते या पक्ष्यांसाठी उपयोगाचं नाही.
- जागा संरक्षित क्षेत्रात किंवा खाजगी मिठागरात असेल तर परवानगी आणि ओळखपत्र. हे आदल्या दिवशीच बघून ठेवा.

२. वेळ भरतीवर ठरवा, घड्याळावर नाही

किनाऱ्यावर जाणार असाल तर ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. पूर्ण ओहोटीला पक्षी अर्धा-एक किलोमीटर लांब चिखलात पसरलेले असतात, काहीच दिसत नाही. पूर्ण भरतीच्या साधारण दोन तास आधी पोचा, पाणी चढत जातं तसे पक्षी स्वतःच तुमच्याकडे सरकतात, तुम्ही फक्त एका जागी बसून राहायचं. पूर्ण भरतीला ते सगळे एखाद्या उंचवट्यावर, बांधावर किंवा मिठागरात दाटीने विश्रांती घेतात, तिथे आकारांची तुलना मस्त होते पण चोची पाठीत खुपसलेल्या असतात त्यामुळे ओळख अर्धवट राहते. मला तरी चढतं पाणी सगळ्यात आवडतं.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे मागच्या रविवारी सकाळी आठला मजा आली म्हणून या रविवारी आठला गेलात तर चिखलच दिसेल. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी खूप आत येतं आणि पक्षी जवळ येतात. भांगाच्या भरतीला बराचसा चिखल उघडाच राहतो आणि पक्षी लांब. गोड्या पाण्याच्या तळ्यावर हे गणित नाही, तिथे सकाळ-संध्याकाळ बघा, आणि दोन्हीकडे सूर्य पाठीशी ठेवा. समोरून उजेड असला की सगळेच वेडर काळे दिसतात.

३. एक नेहमीचा पक्षी आधी पाठ करा

ज्या जागी जाता तिथला सगळ्यात कॉमन छोटा वेडर कोणता ते शोधा. जुन्या जगात, म्हणजे युरोप, आशिया, आफ्रिकेत, तो बऱ्याचदा लिटल स्टिंट किंवा केंटिश प्लोव्हर असतो, पूर्वेकडे सरकलात की रेड-नेक्ड स्टिंट, अमेरिकेत लीस्ट किंवा वेस्टर्न सँडपायपर. पुढचे चार-पाच ट्रिप फक्त त्यालाच बघा. तो खातो कसा, थांबतो कधी, अंग खाजवताना कसा दिसतो, पाठमोरा कसा, फुगून बसलेला कसा, समोरून चोच किती आखूड वाटते. कंटाळा येईल, तरी बघा. हा तुमचा मापाचा पक्षी. पुढे प्रत्येक अनोळखी पक्ष्याला याच्या शेजारी उभं करून प्रश्न विचारायचे: याच्यापेक्षा मोठा की छोटा, पाय लांब की आखूड, चोच जाड की बारीक. एकटा पक्षी समोर असला की साइझचा अंदाज कोणाचाही चुकतो, माझा आजही चुकतो.

सापळा: स्कोपमधून किंवा फोटोत दोन पक्षी मागेपुढे असतील तर मागचा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. दोघं एकाच रेषेत, एकाच अंतरावर येईपर्यंत थांबा आणि मगच तुलना करा.

४. चाल बघून घराणं ठरवा

नाव नंतर, आधी घराणं.

प्लोव्हर धावतो, एकदम थांबतो, बघतो, टोचतो, परत धावतो. डोळे मोठे, डोकं गोल, चोच आखूड. तो डोळ्यांनी शिकार करतो म्हणून ही चाल.

स्टिंट, डनलिन वगैरे कॅलिड्रिस (हे त्यांच्या गटाचं शास्त्रीय नाव) मंडळी मान खाली घालून सतत टोचत राहतात, शिलाई मशीनच्या सुईसारखी. यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श कळणाऱ्या नसा असतात, चिखलाच्या आतलं भक्ष्य ते चाचपून शोधतात, त्यामुळे वर बघायची गरज त्यांना फारशी पडत नाही.

ट्रिंगा म्हणजे रेडशँक, ग्रीनशँक, वूड सँडपायपर हे लांब पायांचे, उभट, बऱ्याचदा पाण्यात चालणारे आणि माणूस दिसला की आधी ओरडणारे. कॉमन सँडपायपर काठाकाठाने एकटा फिरतो आणि शेपटीकडचा भाग सारखा वरखाली हलवत असतो. छातीच्या बाजूने खांद्यापुढे वर गेलेली पांढरी पाचर दिसली की ओळख पक्की.

गॉडविट आणि कर्ल्यू आकारानेच वेगळे पडतात. गॉडविटची चोच लांब आणि सरळ किंवा किंचित वर वळलेली, कर्ल्यूची कोयत्यासारखी खाली वाकलेली. कर्ल्यू आणि व्हिम्ब्रेलमध्ये गोंधळ झाला तर डोकं बघा, व्हिम्ब्रेलच्या डोक्यावर गडद पट्टे असतात.

५. तारीख आणि वय बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग एकाच जातीचे तीन पक्षी तीन जाती म्हणून लिहून बसतात. यातले बहुतेक पक्षी जून-जुलैमध्ये उत्तरेकडे, बरेचसे थेट टुंड्रात, प्रजनन करतात. परतताना मोठे, म्हणजे प्रौढ, पक्षी आधी येतात, जुलैच्या उत्तरार्धापासून, आणि पिल्लं त्यांच्या मागून काही आठवड्यांनी स्वतःहून येतात, रस्ता दाखवायला कोणी नसताना. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकाच थव्यात दोन अगदी वेगळे कपडे दिसतात.

मोठे पक्षी: पिसं झिजलेली, कडा फाटक्या, ब्रीडिंगचा तांबूस रंग ठिकठिकाणी उरलेला, मध्येच नवीन करडं पीस.
ज्युवेनाइल: सगळी पिसं एकाच वेळी आलेली म्हणून एकसारखी ताजी, प्रत्येक पिसाला नीट फिकट किनार, पाठ खवल्यांसारखी दिसते.
हिवाळा: सगळं करडं आणि पांढरं. इथेच लोक हात टेकतात.
मार्च ते मे: रंग परत चढायला लागतो. नवख्यांनी माझ्या मते या महिन्यांत सुरुवात करावी, कारण एकेक पक्षी स्वतःची ओळख अंगावर घालून उभा असतो.

सापळा: पहिल्या वर्षाचे बरेच पक्षी उन्हाळ्यात उत्तरेला जातच नाहीत, दक्षिणेत हिवाळी रंगातच राहतात. जूनमध्ये करडा स्टिंट दिसला म्हणून दुर्मीळ काहीतरी समजू नका.

६. आता स्टिंट

एका स्टिंटचं वजन साधारण २० ते ३० ग्रॅम. एवढ्याशा जिवात फरक शोधायचा म्हणजे घाई चालत नाही. पहिला प्रश्न: पाय काळे की फिकट?

फिकट, पिवळसर-हिरवट पाय असतील तर जुन्या जगात दोनच मुख्य उमेदवार. टेमिंक्स स्टिंटची पाठ साधी, मातकट-करडी, जवळजवळ बिननक्षीची, छातीवर करडा धुरकट पट्टा खाली स्पष्ट संपणारा, अंग लांबट, आणि तो पाय दुमडून गवताच्या कडेने हळूहळू सरपटल्यासारखा चालतो. लांबून कॉमन सँडपायपरचं पिल्लू वाटेल. उडाला की शेपटीच्या कडेची पिसं शुभ्र पांढरी दिसतात आणि तो किणकिणल्यासारखा ट्रर्रर्र करत बराच उंच जातो. लाँग-टोड स्टिंट याच्या उलट, पाठीवर ठळक गडद-तपकिरी नक्षी, मान लांब, मध्येच ताठ उभा राहून बघणार, आणि बोटं खरंच लांब. दोघांनाही गोडं पाणी, गवत, चिखलाची कड आवडते, उघड्या समुद्रकिनाऱ्यावर ते कमी. अमेरिकेत फिकट पायांचा म्हणजे लीस्ट सँडपायपर.

काळे पाय असतील तर लिटल की रेड-नेक्ड हा प्रश्न येतो आणि तो सोपा नाही. ब्रीडिंग रंगात लिटलचा गळा पांढरा राहतो, तांबूस रंग गालांवर आणि छातीच्या बाजूंना असतो. रेड-नेक्डचा गळाच विटकरी होतो. ज्युवेनाइल लिटलच्या पाठीवर दोन पांढऱ्या रेषा इंग्रजी व्ही सारख्या ठसठशीत असतात, रेड-नेक्डवर त्या पुसट. हिवाळ्यात मात्र फक्त ठेवण उरते: लिटलचे पाय जरा लांब, चोच बारीक टोकदार, अंग गोलसर. रेड-नेक्डचे पाय आखूड, चोच बोथट, मागचा भाग लांब, त्यामुळे तो आडवा वाटतो. हिवाळ्यातल्या एकट्या पक्ष्यावर या ठेवणीच्या भरवशावर नाव लावू नका, निदान पहिली दोन-तीन वर्षं. अनुभवी लोकही फोटोशिवाय लावत नाहीत.

अमेरिकेतली काळ्या पायांची जोडी सेमीपामेटेड आणि वेस्टर्न सँडपायपर. दोघांच्याही बोटांमध्ये अर्धवट पडदा. वेस्टर्नची चोच सहसा लांब आणि टोकाशी किंचित खाली झुकलेली, पण मादीची चोच नरापेक्षा लांब असल्याने सेमीपामेटेडची मादी आणि वेस्टर्नचा नर जवळजवळ एका मापात येतात. सेमीपामेटेड हिवाळ्याला मुख्यतः दक्षिण अमेरिकेत जातो, म्हणून उत्तरेत भर हिवाळ्यात तो लिहिण्याआधी चारदा बघा. पंखांची टोकं शेपटीच्या बरीच पुढे गेलेली दिसली तर बेअर्ड्स किंवा व्हाइट-रम्प्ड सँडपायपर असायची शक्यता धरा.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे चिखल. पिवळ्या पायांवर चिखल वाळला की ते काळेच दिसतात. मी एका तळ्यावर पूर्ण सीझन लिटल स्टिंट म्हणून जे लिहीत होते त्यातले कितीतरी टेमिंक्स होते, आणि हे कळलं तेव्हा एक पक्षी माझ्यासमोर पाण्यात शिरला आणि पाय धुवून बाहेर आला. त्या वहीतल्या नोंदी मी नंतर बदलल्या. तेव्हापासून पायाचा रंग बघताना पक्षी नुकताच पाण्यातून आलाय का ते आधी बघते, आणि पाय मळलेले असतील तर चाल आणि पाठ यावर भर देते. चोचीलाही चिखल लागतो आणि मग बारीक चोच जाड वाटते, तेही लक्षात ठेवा.

७. स्टिंटच्या वरच्या मापाचे

सँडरलिंग: लाटेच्या मागे धावणारा, लाट आली की पळणारा. हिवाळ्यात इतका पांढरा की थव्यात उठून दिसतो, खांद्यावर काळा डाग, आणि पायाला मागचं बोट नसतं.

डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपर हिवाळ्यात फार फसवतात. डनलिन बुटका, चोच टोकाकडे झुकलेली. कर्ल्यू सँडपायपरची मान आणि पाय लांब, चोच पूर्ण लांबीत हळुवार वाकलेली. खात्री करायची तर उडू द्या, कर्ल्यू सँडपायपरची कंबर (शेपटीच्या लगेच वरचा पाठीचा भाग) स्वच्छ पांढरी, डनलिनच्या कंबरेवर मधोमध गडद रेघ. ब्रॉड-बिल्ड सँडपायपरची चोच टोकाशी एकदम मोडल्यासारखी वाकते आणि भुवई (डोळ्यावरची फिकट रेघ) दुहेरी असते.

रफ: हा सगळ्यांना फसवतो. नर मादीपेक्षा खूप मोठा आणि पायांचा रंग हिरवटपासून नारिंगीपर्यंत काहीही. लहान डोकं, लांब मान, पोट सुटलेलं, पाठ खवल्यांची असा ऐवज दिसला आणि कशातच बसत नसला तर आधी रफ तपासा.

प्लोव्हरमध्ये: लिटल रिंग्ड म्हणजे डोळ्याभोवती पिवळं कडं आणि उडताना पंखावर पांढरी पट्टी जवळजवळ नाही. कॉमन रिंग्डचे पाय नारिंगी, पंखावर पट्टी स्पष्ट. केंटिशच्या मानेमागे पांढरी कॉलर असते, सँड प्लोव्हरना नसते. लेसर आणि ग्रेटर सँड प्लोव्हरसाठी चोच मोजा: चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या, चोच त्याहून लांब आणि दणकट असेल तर ग्रेटर, तेवढीच किंवा आखूड असेल तर लेसर. जुन्या पुस्तकातला लेसर आता सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन जातींत विभागलाय, ती पायरी सध्या सोडून द्या.

८. उडाले की डोळे मिटू नका

थवा उडाला की नवखे बायनॉक्युलर खाली घेतात. उलट हेच दोन सेकंद कामाचे. तीनच गोष्टी बघा: कंबर, पंखावरची पट्टी, शेपूट.

वूड आणि ग्रीन सँडपायपर दोघांची कंबर पांढरी, पण ग्रीनच्या पंखाची खालची बाजू काळपट, वूडची फिकट. रेडशँकच्या पंखाची मागची कड रुंद पांढरी. ब्लॅक-टेल्ड गॉडविटला पंखावर जाड पांढरा पट्टा आणि काळी शेपूट, बार-टेल्डला पट्टा नाही. ग्रे प्लोव्हरच्या काखेत काळा डाग, पॅसिफिक गोल्डन प्लोव्हरला नाही. हा काखेतला डाग मला फार आवडतो, कितीही लांब असला तरी दिसतो.

आवाजही याच वेळी मिळतो. ग्रीनशँक ट्यू-ट्यू-ट्यू असं तीनदा, सारख्या जोरात. वूड सँडपायपर चिफ-इफ-इफ, ग्रीन ट्लुईट-वीट-वीट. लिटल स्टिंटचं बारीकसं टिट्. रेकॉर्डिंग घरी ऐका, फिल्डवर वाजवू नका.

९. नोंद करताना

आधी वर्णन लिहा, मग नाव. चोच, पाय, पाठ, चाल, कोणाच्या शेजारी होता आणि केवढा वाटला. ईबर्डवर (पक्षीनोंदी टाकायची वेबसाइट) जाती न लावता गटाच्या नावाने नोंद टाकायची सोय असते, ती मोकळेपणाने वापरा. १५० स्टिंटपैकी ४० नीट दिसले आणि ते लिटल होते तर ४० लिटल आणि ११० बिनओळखीचे हीच खरी नोंद, सगळे १५० लिटल ही चुकीची. या नोंदींवरून पुढे संख्या कमी झाली का वाढली हे बघितलं जातं म्हणून मी इतकं बजावून सांगतेय. मोबाईलच्या ॲपने फोटोवरून सुचवलेलं नाव हा एक अंदाज समजा, स्टिंटच्या बाबतीत तर नक्कीच.

१०. अंतर आणि पायातल्या झेंड्या

पक्षी मान वर करून थांबले, एका दिशेला चालायला लागले, की तुम्ही जास्त जवळ आलात. तिथेच थांबा किंवा दोन पावलं मागे या. फ्लाइट शॉटसाठी थवा उडवणारे लोक बघितले की मला फार वाईट वाटतं. २०२२ मध्ये टॅग लावलेला एक बार-टेल्ड गॉडविट, वय जेमतेम पाच महिने, अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत कुठेही न उतरता सुमारे १३,५६० किलोमीटर उडत गेला. अशा प्रवासाआधी काही वेडर स्वतःचं वजन जवळजवळ दुप्पट करतात, आणि ती चरबी त्यांना दोन भरत्यांच्या मधल्या त्या थोड्या तासांतच कमवायची असते. भरतीला विश्रांती घेणारा थवा तुम्ही तीनदा उडवलात तर कमावलेलं तिथेच जळतं.

एखाद्याच्या पायात अभ्यासकांनी लावलेली रंगीत झेंडी किंवा रिंग दिसली तर बाकी सगळं सोडा आणि तिचा फोटो काढा. लिहून घ्यायचं ते असं: झेंडीचा रंग, अक्षरं-आकडे असतील तर ते, उजवा पाय की डावा (पक्ष्याचा उजवा, तुमचा नाही), गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, दोन झेंड्या असतील तर वरची कोणती आणि खालची कोणती, धातूची रिंग कुठल्या पायात. कोणत्या देशात पक्षी पकडून झेंडी लावली हे बऱ्याचदा रंगांच्या जोडीवरूनच कळतं, त्यामुळे अक्षरं वाचता आली नाहीत तरी रंग आणि क्रम कळवा. उन्हाने पिवळी झेंडी पांढरी वाटू शकते आणि नारिंगी पिवळी, म्हणून शंका असेल तर दोन्ही रंग लिहा आणि सोबत फोटो जोडा.